भोयर काकांचे पासवर्ड

भोयर काकांचं कुणाशी बिनसलं की ते तोंडानं काही बोलत नाहीत. घरी जातात, कॉम्प्युटर सुरू करतात आणि त्या माणसाच्या नावानं एक पासवर्ड बदलतात.

स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर ६ मध्ये त्यांचं आणि आमचं क्वार्टर लागून, मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. काका कोक ओव्हनमधून, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवरून, रिटायर झालेले, काकू गेल्यापासून एकटे. मी प्लांटच्या कार्मिक विभागात. त्यामुळे कुठली साइट अडली की कुंपणापलीकडून हाक यायची, "ओ मुळेबाबू, या जरा!"

असाच एकदा गेलो, तर त्यांनी ब्राउझरमध्ये सेव्ह केलेल्या पासवर्डांची यादीच माझ्यासमोर उघडली. साइटचं नाव, पुढे काळे ठिपके, शेजारी डोळ्याचं चित्र. डोळा दाबला की ठिपक्यांमागून माणूस बाहेर यायचा. वीजबिलाच्या साइटवर 'वरचापानीफेकू@१', म्हणजे वरच्या मजल्यावरचे शेजारी. रेल्वेच्या तिकिटांवर 'जावईचिंगूस@३'. गॅसवर 'ठाकुरचापलूस@२', हा जुना फोरमन. सगळं इंग्रजी अक्षरांत.

"शिवीत एक क्यापिटल अक्षर पाहिजे म्हणते, एक आकडा पाहिजे म्हणते," काका वैतागून सांगत होते. "आमच्या बापानंबी एवढे नेम लावले नव्हते." पण खालची पट्टी हिरवी होऊन तिच्यावर 'मजबूत' असं आलं की खूश व्हायचे. "पाहा, त्यालेबी पटलं."

मग ब्राउझर विचारायचा, पासवर्ड सेव्ह करू का? काका दर वेळी मोठ्यानं उत्तर द्यायचे, "कर बापा, कर. तूच एक आहेस पुसणारा."

पेन्शनच्या साइटवर होता 'गुलाबबेईमान@१२'. ही साइट ते रोज उघडायचे. पेन्शन महिन्यातून एकदाच येते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"गुलाब कोण?"

"भाऊ. लहाना. माह्याच ब्याटरीवर, भट्ट्यांच्या त्याच रांगेवर होता. मी ड्यूटीवर झोपलो म्हणून चौकशी लागली, तं यानं साहेबासमोर सांगितलं की हो, झोपला होता. माहं प्रमोशन गेलं."

"पण तुम्ही झोपला होतात का?"

"झोपलोच होतो नं! पण सख्ख्या भावानं सांगावं काय?"

बारा वर्षं दोघं बोलले नव्हते. गुलाबरावांनी रिटायर झाल्यावर अहिवाऱ्याला घर बांधलं होतं. इथून फार दूर नाही, पण काका त्या बाजूच्या बसलाही पाठ करून उभे राहायचे.

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ते कुंपणापाशी आले. "मुळेबाबू, तुमचं कार घेऊन अहिवाऱ्याकडं जाणं होते काय कधी?"

"का हो?"

"काही नाही. तिकडं दुधी चांगले भेटते म्हणते."

गुलाबरावांना लकवा मारल्याचं माझ्या बायकोनं बाजारात ऐकलं होतं. त्यामुळे दुधी कुठला, ते मला कळलं. मी म्हणालो, "जाऊ की येत्या रविवारी."

त्या रविवारी आमच्याकडे पाहुणे आले. पुढच्या रविवारी गाडी सर्व्हिसिंगला होती. तिसऱ्या रविवारी काहीही नव्हतं. ऊन फार होतं, आणि मी जेवून झोपलो. तिन्ही रविवारी काका सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी खिडकीतून पाहिलं होतं. मला वाटलं, एवढं महत्त्वाचं असेल तर पुन्हा म्हणतील. ते म्हणाले नाहीत.

चौथ्या आठवड्यात गुलाबराव गेले. काका एकटेच बसनं गेले, तेरवी करून परतले. माझ्याशी बोलणं तसंच, नेहमीसारखं. कोथिंबीर हवी का, पाणी किती वाजता येणार. मी मनात म्हटलं, चला, बरं झालं, काकांनी मनाला लावून घेतलं नाही.

नोव्हेंबरात हाक आली. पेन्शनच्या साइटवर जिवंत असल्याचा दाखला भरायचा होता आणि त्यासाठी फोटो हवा होता. त्यांच्या कॉम्प्युटरला कॅमेरा नाही. म्हटलं, माझ्या मोबाइलवरून भरू, पासवर्ड सांगा.

"लिस्टमधून पाहून घ्या," ते म्हणाले.

मी यादी उघडली. पेन्शनच्या ओळीवरचा डोळा दाबला.

'मुळेझूठा@३'

पंखा फिरत होता. काका माझ्याकडेच पाहत होते. काहीतरी बोलायला हवं, म्हणून मी विचारलं, "हे... बरोबर आहे का?"

"स्पेलिंग बरोबर आहे."

मी मोबाइलवर स्वतःचं नाव टाइप करायला घेतलं. बोटं दोनदा चुकली. साइट म्हणाली, आता एकच संधी शिल्लक.

"काका, मला खरंच वाटलं नव्हतं की इतक्या लवकर..."

"मी फोन केला होता," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "बारा सालानं. त्याले बोलता येत नव्हतं. बायकोनं त्याच्या कानाले फोन लावला. म्या म्हटलं, रविवारी येतो. तिन्ही बारी तिनं त्याची दाढी करून देली, धुतलेले कपडे घालून देले. दाराकडं तोंड करून बसे म्हणते. मी बसनं जाऊ शकत होतो. पण मले वाटे, कारमधून उतरीन, सोबत कोणी असन, तं भांडण झाल्यावानी नाही दिसणार. पाहुणा आल्यावानी दिसन."

तिसऱ्यांदा एकेक अक्षर पाहून टाइप केलं, तेव्हा साइट उघडली. मी मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. स्क्रीनवर सूचना आली : सरळ पाहा, डोळ्यांची उघडझाप करा.

काकांनी चष्मा काढला, बाहीनं डोळे कोरडे केले आणि कॅमेऱ्यात पाहिलं.

"घ्या फोटो, मुळेबाबू," ते म्हणाले. "आन् लिहा, भोयर जिंदा आहे म्हणून. तेवढं तरी आजच्या आज पाठवा."