मयेकरांच्या जागी

कॉम्प्युटरमध्ये काही बिघडलं की आमचे मयेकर आधी चपला घालायचे.

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ मासे गोठवून परदेशी पाठवणारी आमची कंपनी. तिथे तेव्हा नुकतंच एक अवाढव्य सॉफ्टवेअर आलं होतं. साधा बर्फ मागवायचा तरी पडद्यावर अर्ज. एका साहेबाने मंजूर केला की तो आपसूक दुसऱ्याच्या पडद्यावर जायचा. जायचा म्हणजे, जायला हवा होता! मध्येच गडप झाला की लाल अक्षरं यायची आणि मी खरेदी विभागातून ओरडायचे, "मयेकर, मेला तुमचा अर्ज!"

"मेला नाय, केळकरबाई. कुणाकडेतरी बसलाय."

स्टोअरमध्ये वीस वर्षं काढलेला हा गृहस्थ. नवं सॉफ्टवेअर शिकायला मुंबईला कोण जाणार, तर सगळ्यांना घरच्या अडचणी. मयेकर सडेफटिंग, म्हणून त्यांना धाडलं. आले ते तज्ज्ञ होऊन. पण रीत एकच: अर्ज ज्या वाटेने जायचा, ती वाट स्वतः चालायची. प्रत्येक टेबलापाशी थांबून विचारायचं, "तुमच्याकडे येऊन गेला काय?" हरवलेलं वासरू शोधावं तसं. मला असा राग यायचा! खाली ट्रॉलर लागलेले, मासळी खोळंबलेली, आणि हे आपले हिंडतायत. पण सापडायचा हो. दर वेळी सापडायचा.

एका गणपतीत बर्फाचा अर्ज दोन दिवस सापडेना. मयेकर चालत चालत सावंतसाहेबांच्या खोलीत गेले, तर खुर्ची रिकामी. राणेसाहेबांचीही रिकामी. दोघेही गावी. जाताना सावंतांनी आपली मंजुरी राण्यांवर सोपवलेली आणि राण्यांनी सावंतांवर! अर्ज बिचारा दोघांमध्ये गरगर फिरत होता. गणपतीला रत्नागिरीत कोण जागेवर असतं, हे त्या सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला कुठलं माहीत?

मयेकरांनी तोडगा काढला. रजेच्या अर्जात एक रकाना घातला, 'बदली माणूस'. त्या दिवसांत खरोखर हजर असणाराच. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकायचा नाही. झालं! आम्ही सगळ्यांनी, त्यात मीही आले, डोळे मिटून एकच नाव टाकायला सुरुवात केली. मयेकर. ते कुठे जातात गणपतीला? राजापूरकडे नाटे गावात थोरल्या भावाकडे घरचा गणपती असायचा, पण जमिनीवरून दोघांचा अबोला. मयेकर कुणाला नाही म्हणाले नाहीत.

अशी चार वर्षं गेली. मग एकदा, गणपतीच्या आदल्या दिवशी, मी त्यांना माझ्या कामांची यादी द्यायला गेले, तर मयेकर पडद्यासमोर नुसते बसून. पडद्यावर लाल अक्षरं. रजेचा अर्ज. त्यांचा स्वतःचा.

"तुम्ही आणि रजा?"

"थोरल्याचा निरोप आलाय. पाय चालत नाहीत त्याचे. म्हणतो, यंदा गणपती तू आण."

"अहो, मग जा की!"

"बदली माणूस नाय. दोघातिघांना विचारलं. सगळ्यांची घरं भरलेली."

"मग तो रकानाच काढून टाका. तुम्हीच घातलात ना?"

"आणि उद्या बर्फ अडला तर?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "असू दे. कळवतो त्याला, जमत नाय म्हणून."

खोटं कशाला सांगू, मला आधी माझीच रजा आठवली. घरी गणपती, पै-पाहुणे, मोदक. मग लाज वाटली. या माणसाच्या जिवावर आम्ही घरोघर आरत्या म्हटल्या, आणि त्याच्या जागी उभं राहायला आमच्यातलं एक नाव नव्हतं. मी कीबोर्ड ओढला, माझी रजा रद्द केली आणि मयेकरांच्या रकान्यात माझं नाव टाकलं. अर्ज सरकला.

"तुमच्याकडे गणपती आहे ना?"

"मोदक वळायला चार नणंदा आहेत. उठा, राजापूरची गाडी चुकेल!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात मी एकटीच. फोन वाजला. नाट्याहून. म्हटलं, आता बर्फाची चौकशी करणार. मागे झांजा, पोरांचा गलका.

"काय झालं मयेकर?"

"काय नाय." त्यांनी मागच्या पोरांना दटावलं. "थोरला विचारत होता, तुझ्या जागी कोण आहे तिथे. म्हटलं, आहे. आपलं माणूस आहे."