बॅटरीची सोयरीक

भिंतीला एक भोक पाडायचं असेल, तर आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत आठल्येकाकांना विचारू नये. भोक राहतं बाजूला आणि काका सोयरिकीची बोलणी सुरू करतात.

"ड्रिलचं काय घेऊन बसलात! बॅटरी कोणत्या घराण्यातली घेताय ते बोला. निळ्या, पिवळ्या की हिरव्या?"

कॉर्डलेस हत्यारांच्या कंपन्या काका रंगावरून ओळखतात. त्यांचं म्हणणं असं की, एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला बसत नाही. म्हणजे एकदा निळ्यांचं ड्रिल घेतलं की पुढची करवत, ग्राइंडर, ब्लोअर, सगळं जन्मभर निळ्यांकडूनच. "लग्न एकाशी होतं, नांदावं सगळ्या घराशी लागतं. घराणं बघा, घराणं!" बरं, एकाच घराण्यातही भाऊबंदकी आहेच. बारा व्होल्टवाले आणि अठरा व्होल्टवाले एका पंक्तीला बसत नाहीत.

मला यातलं काहीही ऐकायचं नव्हतं. मला आईच्या बाथरूममध्ये धरायला हँडल बसवायचं होतं. आई घसरून पडता पडता वाचली होती आणि काका मला विचारत होते, "पुढेमागे गवत कापायचं यंत्र घेणार का? पिवळ्यांकडे त्यात पुष्कळ प्रकार आहेत." अहो, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्याकडे गवत म्हणजे कुंडीतला गवती चहा!

शेवटी मी कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने वायरीच्या ड्रिलने चहा निवायच्या आत हँडल बसवलं. काका दारात उभं राहून बघत होते. "वायरीचं? वापरा की. पाट्यावर वाटणारेही अजून आहेतच."

माझं डोकं फिरलं. कारण सगळ्यांना सल्ले देणाऱ्या या गृहस्थांकडे स्वतःचं एकही ड्रिल नाही! खडकीच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले, मुलगा चिन्मय नोकरीसाठी अमेरिकेत गेला, मग काकूही वारल्या. तेव्हापासून नुसती तुलना चालू आहे. दिवाळीला म्हणणार, "थांबा, ब्रशलेस मोटरवालं स्वस्त होतंय." गुढीपाडव्याला म्हणणार, "हिरव्यांचं नवीन येतंय." हिंजवडीच्या ऑफिसात मी दिवसभर मीटिंगांना बसतो, पण काहीच न ठरवण्याची एवढी चिकाटी मी तिथेही पाहिलेली नाही.

एका शनिवारी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि बोहरी आळीत हत्यारांच्या दुकानात नेलंच. दुकानदार त्यांना चांगला ओळखत होता. मान वर न करता म्हणाला, "काका, आज घ्यायचंय, की दर्शनालाच आलात?"

"आज घेणार आहेत," मी म्हणालो.

मी इरेला पेटलो होतो. वजन, वॉरंटी, चार्जर, काकांनी काढलेली एकेक शंका मी खोडून काढली. अखेर निळं ड्रिल काउंटरवर आलं आणि काकांकडे विचारण्यासारखं काही उरलं नाही. त्यांनी ते हातात घेतलं, बटण दाबलं, घुर्र झालं. मग बटण सोडून ते त्याच्याकडे बघत राहिले. आठल्येकाका आणि एकही शंका नाही! मला धास्तीच वाटली.

"आवडलं नाही का, काका?"

"छान आहे हो." त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "उद्या रविवार. चिन्मयचा फोन येतो. जेवलात का, औषधं घेतलीत का, एवढं झालं की त्याचे विषय संपतात. माझेही संपतात. ड्रिलचं काढलं, की मात्र तो बोलत सुटतो. माझ्यासाठी तिकडची दुकानं हिंडून येतो, फोटो पाठवतो. मागच्या खेपेला तर नातू मध्येच फोनवर आला, म्हणाला, आजोबा, पिवळं घ्या." त्यांनी ड्रिल अलगद खाली ठेवलं. "हे घेतलं, तर उद्या बोलायचं कशावर?"

दुकानदार बिलबुक उघडून बसला होता. मी ड्रिल उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि जमेल तेवढ्या तुसडेपणाने म्हणालो, "छे! याची पकड काही बरोबर नाही. पिवळ्यात काय काय आहे, ते काढा बघू सगळं."