तात्यांच्या घराची सर्व्हिसिंग

आमचे शेजारी गुंडातात्या कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी भिंतीवर टिचकी मारतात, तिला कान लावतात आणि निकाल सांगतात. माझ्या मेव्हणीसाठी स्थळ बघायला आम्ही त्यांना वडीलधारे म्हणून नेलं होतं. चहा होतोय तोवर त्यांनी मुलाच्या वडिलांना बाजूला घेतलं. "पावणं, पोरगं चांगलं हाय. भिंतीला लय ओल हाय."

तात्या मूळचे जतकडचे. फौजेत गाड्या दुरुस्त करत सुभेदार झाले आणि निवृत्तीनंतर सांगलीत आमच्या शेजारी आले. दुसऱ्याच वर्षी काकू गेल्या. पुण्यातला मुलगा म्हणाला, "बाबा, फंडाचे पैसे बँकेत ठेवा. व्याजावर आरामात राहा."

"व्याजावर दिवस सरतोय व्हय रं?" असं म्हणून तात्यांनी सगळा फंड घालून माधवनगरात एक बंद पडलेलं जुनं घर घेतलं. दुरुस्त करायचं आणि नफ्यात विकायचं, हा धंदा त्यांनी मोबाइलवर कुठेतरी बघितला होता. मुलगा पंधरा दिवस त्यांच्याशी बोलला नाही.

घराला तात्या 'जवान' म्हणत. पहिल्याच दिवशी त्याचं मेडिकल झालं. "डोळं झकास हायती, गुडघं गेल्यात," म्हणजे खिडक्या चांगल्या, पाया खचलेला. दोन गवंडी पळून गेले, कारण कामाआधी पीटी सक्तीची होती. तिसरा टिकला. त्याला पोलीस भरतीत उतरायचं होतं.

घर तयार झालं आणि खरी मजा सुरू झाली. गिऱ्हाईक आलं की तात्या त्याला पेपर देऊन हॉलमध्ये बसवत, स्वतः गच्चीवर जाऊन बादल्यांनी पाणी ओतत आणि वरून ओरडत, "थेंब पडला तर घर फुकट!" बरीच गिऱ्हाइकं पेपर घेऊनच पसार झाली.

शेवटी सदाशिव नावाचे एक टेलर बायकोला, शैलावहिनींना, घेऊन आले. न्हाणीघराची नवी कडी किती भक्कम आहे ते दाखवायला तात्यांनी सदाशिवना आत पाठवलं. कडी इतकी भक्कम निघाली की ती उघडेचना. पाऊण तास खटपट चालली. मध्येच तात्यांनी झरोक्यातून चहा आत दिला.

"कसा झालाय?"

"चहा बरा हाय तात्या, घर बी घेतो, पण आदी मला भाईर काढा!"

सौदा झाला, नफाही झाला. मुलगा खूश होऊन म्हणाला, "आता दुसरं घर बघा." तात्या म्हणाले, "आदी ह्याची सर्व्हिसिंग." गाडीला तीन सर्व्हिसिंग फुकट असतात, तात्यांनी दर रविवारची लावून घेतली.

एका रविवारी मीही गेलो. "बघा की तात्या, परत गळाय लागला," शैलावहिनींनी स्वयंपाकघरातला नळ दाखवला. तात्यांनी पाना काढला, नळाला फौजी हिंदीत चार शिव्या दिल्या आणि दोन मिनिटांत तो बंद केला. मग सगळ्यांबरोबर बसून भाकरी, पावट्याची आमटी आणि दोनदा भात खाल्ला.

मी हात धुवायला मागे गेलो, तेव्हा शैलावहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, नळाला काय बी झाल्यालं न्हाई. शनवारी मीच सैल करती. न्हाईतर त्यांनी यायचं कुठल्या निमतानं?"

परतताना मला राहवलं नाही. म्हटलं, "तात्या, तो नळ एकदाचा बदलून का टाकत नाही?"

तात्यांनी खांद्यावरची हत्यारांची पिशवी थोपटली.

"नवा नळ पिशवीत हाय की. सा म्हैनं झालं. पर त्यो लय घट्ट बसतोय गड्या. त्या पोरीला सैल कराय जमायचं न्हाई."