निमकरकाकांची बाली भाषा

घराबाहेर पडणाऱ्याला "कुठे?" असं विचारू नये, हे मराठी घरातल्या मुलाला बाराखडीच्या आधी कळतं. वॉटफर्डमधले आमचे शेजारी निमकरकाका मात्र रोज सकाळी कुंपणाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला नेमकं तेच विचारतात, आणि तेही बाली भाषेत. "लाकार किजा?" समोरचा गोंधळला की स्वतःच अर्थ सांगतात, "कुठे निघालीस? बालीत रस्त्यात कुणी भेटलं की असंच विचारतात. आपला नमस्कार, तसं."

माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. नवा कोट घालून लंडन बघायला निघाल्या, तर काकांनी विचारलंच. सासूबाई पुटपुटत परत फिरल्या, पाय धुतले, पाणी प्यायल्या, पाच मिनिटं सोफ्यावर बसल्या आणि पुन्हा निघाल्या. काका तिथेच. बाईंना आपला पहिला प्रश्न आवडलेला दिसत नाही, असं वाटून त्यांनी वडीलधाऱ्यांसाठीचे खास आदराचे शब्द घालून पुन्हा विचारलं. तिसऱ्या वेळी सासूबाई मागच्या दाराने, कचऱ्याच्या बिन्सना वळसा घालून गेल्या. ट्रेन चुकली, आणि त्याचं खापर अजूनही काकांच्या डोक्यावर आहे.

काका रेल्वेत सिग्नल इंजिनिअर होते. त्यामुळे जगात जिथे जिथे व्यवस्था दिसेल तिथे त्यांना भरून येतं. बाली माणसं मुलांची नावं जन्माच्या क्रमाने ठेवतात हे कळलं, त्या दिवशी ते चहाचा कप घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात आले. पहिलं वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं कतुत, आणि पाचवं पुन्हा वायान. "याला म्हणतात सिस्टिम," काका म्हणाले. मी घरात दुसरी, म्हणून मी तेव्हापासून मादे. समोरचा केन हा म्हातारा प्लंबर पाच भावंडांतला शेवटचा, तो वायान. काकांनी आपल्याला कसलातरी किताब दिलाय अशी केनची समजूत आहे आणि ती मोडायचा धीर कुणाला झालेला नाही.

सुरुवातीला काकांची मिजास मोठी. "अगं, 'सुक्स्म' म्हणजे थँक यू. आपलंच सूक्ष्म! तीर्थाला 'तीर्त' म्हणतात. ही भाषा पंधरा दिवसांत खिशात घालतो बघ." या गोष्टीला दीड वर्ष झालं. देवाधर्माचे शब्द ओळखीचे निघाले, पण ये, बस, ऊन, पाऊस, भात यांनी काकांना ओळख दिली नाही.

साठी उलटल्यावर हा उद्योग कशाला, ते आता सांगते. काकांचा मुलगा निखिल केंब्रिजला संशोधन करतो. तिथेच त्याला कोमांग भेटली, बालीची, घरातली तिसरी (न्योमानला कोमांगही म्हणतात). लग्न तिच्या गावी ठरलं. काका गेले नाहीत. "मला तिथली भाषा येत नाही, मुक्यासारखा कोपऱ्यात बसून काय करू?" असं सांगून घरीच राहिले, आणि मालतीकाकू एकट्या जाऊन आल्या. त्या परतल्या आणि काकांनी बाली शिकायला वही घातली. "भाषेचं नुसतं निमित्त गं," काकूंनी मला एकदा काकांच्या देखत सांगितलं. "मुलाने आधी विचारलं नाही, ठरवून मग कळवलं, ते यांना लागलं होतं." काका पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, म्हणजे खरं होतं.

काकूंना भाषेची अडचण कधी आलीच नाही. व्हिडिओ कॉलवर त्या मराठीत बोलतात, विहीणबाई बालीत, आणि दोघींचं अर्धा अर्धा तास उत्तम चालतं. शेजारी काका वही घेऊन बसलेले असतात आणि त्यांना वाक्यात शिरायला जागा मिळत नाही.

मग निखिलला मुलगी झाली. बाली रिवाजाप्रमाणे बाळाचे पाय एकशे पाच दिवस जमिनीला लावत नाहीत, मग विधी करून पहिल्यांदा टेकवतात. तो विधी वॉटफर्डला, काकांच्या घरी करायचं ठरलं आणि विहीणबाई त्यासाठी येणार म्हणून कळलं. काकांची झोप उडाली. लग्नाला न गेल्याबद्दल त्यांना विहीणबाईंची माफी मागायची होती. कोमांग म्हणाली, मी सांगते ना आईला. काकांनी ऐकलं नाही. "चूक माझी. ती दुसऱ्याच्या तोंडून कशी सांगायची?"

तयारी जोरात सुरू झाली. इंटरनेटवर एक बाली गृहस्थ सापडले. सावकाश, स्पष्ट बोलायचे, म्हणून काकांनी त्यांना गुरू केलं. ते डुकरं पाळायचे. पुढच्या कॉलवर काकांनी विहीणबाईंना "जेवलात का?" असं मोठ्या आदबीने विचारलं, पण गुरूंकडून उचललेला शब्द जनावरांच्या खाण्याचा होता. विहीणबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातून फोन पडला आणि आम्हाला बराच वेळ त्यांच्या घराचं छत दिसत राहिलं. काका आठवडाभर कुंपणाशी आले नाहीत. मग कोमांगने गुरू बदलून दिला आणि माफीची तीन वाक्यं दुरुस्त करून दिली. ती तीन वाक्यं गल्लीत केनसकट सगळ्यांना पाठ झाली.

विधीच्या दिवशी मी मदतीला गेले होते. विहीणबाई अगदी लहानखुऱ्या, केसांत फूल. त्यांनी सोबत आणलेलं तीर्थ शिंपडलं, बाळाचे गुलाबी पाय जमिनीला टेकवले आणि बाळाने प्रसंगाला साजेसं भोकाड पसरलं. ते शांत झाल्यावर काका पुढे झाले. हात जोडून त्यांनी तिन्ही वाक्यं म्हटली, न चुकता. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी काकांचा हात धरला आणि त्या हळू आवाजात बरंच काही बोलल्या. काका मान हलवत ऐकत होते. मग एकदम वळून बागेत गेले.

मला वाटलं, काही समजलं नाही म्हणून बिचारे खट्टू झाले. मी मागोमाग गेले. "काका, फार फास्ट बोलल्या का त्या?"

"नाही गं. सगळं कळलं."

निखिलने म्हणे लग्नात लाजेखातर सांगून ठेवलं होतं की बाबांचं विमान चुकलंय, उद्या पोचतील. विहीणबाईंना ते खरंच वाटलं. मंडपात काकूंशेजारची खुर्ची त्यांनी दोन दिवस रिकामी ठेवली, स्वतःच्या भावालाही बसू दिलं नाही. काका मांस खात नाहीत म्हणून त्यांच्यापुरता भात वेगळा शिजवला, दोन्ही दिवस.

"बोलायची तयारी केली होती," काका म्हणाले. "ऐकायची नव्हती केली."

मला त्यांचा राग आला आणि मायाही वाटली. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि विहीणबाई वाढलेलं ताट घेऊन आल्या. काकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. विहीणबाईंनी ते आपल्या पदरासारख्या शेल्याने पुसलं, आणि भात गार होतोय, जेवा, असं त्यांना आदराच्या शब्दांत सांगितलं.