रेघेची मागची कड

परबकाकांसमोर ‘क्रीज म्हणजे ती पांढरी रेघ’ असं कुणी म्हणालं, की त्याचा चहा गार झालाच म्हणून समजा. काका त्याला हाताला धरून चारकोपच्या आमच्या सोसायटीच्या मैदानात नेतात, उकिडवे बसतात आणि चुन्याच्या पट्ट्यावर बोट टेकवतात.

“रेघ नाही रे! रेघेची कड. स्टंपांकडची, मागची. तिच्या आत बॅट टेकली तर वाचलास. नुसती रेघेवर राहिली तर घरी जा!”

मरोळच्या एका कारखान्यात काकांनी जन्मभर मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज काढली. ‘अंदाजे’ हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. खिशात टेप कायम. यंदा फायनलच्या सकाळी क्रीज दोन बोटं तिरकी निघाली, तर त्यांनी ती पुसून पुन्हा आखली. तोवर दोन्ही टीम उन्हात!

पंच अर्थातच काका. ए विंग विरुद्ध आमची बी विंग, मी कॅप्टन. आमची शेवटची जोडी खेळत होती, जिंकायला दोन धावा हव्या होत्या. स्ट्राइकला प्राची, काकांची एकुलती एक मुलगी. तिनं चेंडू ढकलला आणि सुटलीच! “पळ, पळ!” अख्खी बी विंग ओरडतेय, थ्रो आला, प्राचीनं अंग झोकून दिलं, स्टंप उडाले!

काका रेघेवर वाकले.

“बॅट रेघेवर. आउट!”

“काका, मुलगी आहे तुमची!” मी किंचाळलो.

“मग काय रेघ सरकवू?”

एका धावेनं वाट लागली आमची. ए विंगवाले नाचत सुटले. प्राची बॅट ठेवून चालती झाली. थोड्या वेळानं मी तावातावानं भांडायला गेलो, तर काका पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर एकटेच.

“कार्टी एक शब्द बोलली नाही रे,” ते म्हणाले. “तिची आई असती तर इथंच, सगळ्यांदेखत माझी हजेरी घेतली असती. ती गेल्याला दोन वर्षं झाली. आता घरात ‘जेवलात?’ ‘हो.’ ‘गोळी घेतली?’ ‘हो.’ संपलं. भांडणसुद्धा नाही.”

माझा राग कुठल्या कुठे गेला.

इतक्यात प्राची तरातरा आली. कोपर सोललेलं, हातात मोबाइल.

“बाबा, व्हिडिओ बघा! बॅट आत होती!”

“रेघेवर होती.”

“आत! आई म्हणायची ना, हट्टी आहात तुम्ही! एक नंबरचे हट्टी!”

काका ताडकन उठले. “आणि तू कोणावर गेलीस गं? चल, आधी ते कोपर धू!”

“नाही धुणार!”

“धुशील! मी धुतो, चल!”

दोघं भांडतच जिन्यात शिरली. तिसऱ्या मजल्यापर्यंत आवाज चढत गेले. काकांना इतकं खुशीत ओरडताना मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.