तेल दोघांचं, पाणी कुणाचंच नाही

एका जंगलात दोन राजे होते.

आता तुमच्यातला एखादा शहाणा म्हणेल, जंगलाला राजा एकच असतो. अगदी बरोबर, बाळा. त्या दोन्ही राजांचंही हेच म्हणणं होतं.

वरच्या रानात रुद्रप्रताप नावाचा वाघ राज्य करायचा. खालच्या रानात धुरंधरराव नावाचा तरस. म्हातारा सिंह वारस न नेमताच मेला, तेव्हापासून हे असं चाललेलं. वाघ स्वतःला ‘संपूर्ण जंगलाचा एकमेव राजा’ म्हणवून घ्यायचा. तरसही स्वतःला तेच म्हणवून घ्यायचा. परदेशातली तीन जंगलं वाघाच्या बाजूने होती, चार तरसाच्या. उरलेली दोन फार हुशार. ती सोमवारी वाघाला शुभेच्छा पाठवायची आणि मंगळवारी तरसाला.

दोन रानांच्या मध्ये हद्द होती. जनावरांची हद्द कशी असते माहीत आहे ना? कुंपण नाही, भिंत नाही. राजाने रोज सकाळी हद्दीवरच्या झाडापाशी जायचं, मागची तंगडी वर करायची आणि आपला वास सोडायचा. जिथवर माझा वास, तिथवर माझं राज्य.

ए, फिदीफिदी हसायला काय झालं? मोठी माणसं नकाशे काढतात तेव्हा हसता का? मग इथेही गप्प बसून ऐका.

तर बरोबर त्या हद्दीवर एक झरा होता. उन्हाळ्यात अख्ख्या जंगलात पाणी म्हणून तेवढंच. झऱ्याच्या काठी साळूबाई नावाची साळिंदर राहायची. विधवा बाई. तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ. म्हणजे खऱ्या वाघासारखी नव्हे, तो काही काम करत नसे. साळूबाई रोज झऱ्यातला पालापाचोळा काढायची, गाळ उपसायची. तिला कुणी नेमलं नव्हतं. “माझी चार पोरं या पाण्यावर मोठी झाली,” ती म्हणायची, “आता दुसऱ्यांची होऊ देत.”

झऱ्यावर भांडायचं नाही आणि झऱ्यापाशी तंगडी वर करायची नाही, असा तिचा दंडक होता. वरचे आणि खालचे दोघेही तो मुकाट पाळायचे. बाईच्या अंगावर काटे होते, हेही एक कारण असेल.

एके दिवशी काय झालं, झऱ्याच्या कडेला कंद उकरताना साळूबाईच्या नखांना काळं, चिकट काहीतरी लागलं. तिने हुंगून पाहिलं. सटासट तीन शिंका आल्या.

“अगं बाई, काय मेली घाण ही!” ती मोठ्याने ओरडली.

तिची चूक एवढीच, की ती ओरडली. नुसती माती लोटून गप्प बसली असती तर मला आज ही गोष्ट सांगावी लागली नसती.

दुसऱ्याच दिवशी परदेशातून एक करकोचा उतरला. लांब पाय, लांब चोच, बगलेत फाईल. मागच्या वर्षी जंगलात वणवा लागला तेव्हा परदेशातून कुणी फिरकलं नव्हतं. पण जाऊ दे, पाहुण्याला असं बोलू नये.

करकोच्याने काळ्या चिखलात चोच बुडवली, डोळे मिटले आणि म्हणाला, “शक्यता उज्ज्वल आहे.”

“कसली शक्यता?” साळूबाईने विचारलं.

“तेलाची.”

“म्हणजे तेल आहे?”

“तसं कुठे म्हणालो? शक्यता आहे म्हणालो.”

ही बातमी ऐकून दोन्ही राजे धापा टाकत आले. करकोच्याने दोघांकडून खणायची परवानगी घेतली. वेगवेगळ्या कागदांवर, वेगवेगळ्या झुडपांआड. दोघांनीही पंजे उमटवले. मग त्याने दोघांनाही एकच गोष्ट सांगितली.

“आमची कंपनी यायला एका पायावर तयार आहे, महाराज. फक्त तिला स्थैर्य लागतं. हे तेल कुणाच्या हद्दीत आहे ते एकदा स्पष्ट होऊ द्या. मग बघा, तुमच्या रानात सोन्याचा धूर निघेल.”

एवढं बोलून त्याने झऱ्याला लागून एक चाचणीचा खड्डा खणवून घेतला आणि तो उडून गेला.

स्पष्ट करायचं म्हणजे काय करायचं? जनावरांना ठाऊक असलेला मार्ग एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी वाघ खड्ड्यापाशी आला आणि त्याने तंगडी वर केली. दुपारी तरस आला, त्यानेही केली. संध्याकाळी वाघ पुन्हा आला, या वेळी अख्खं मंत्रिमंडळ घेऊन. दुसऱ्या दिवशी तरस आपलं मंत्रिमंडळ आणि सासुरवाडी घेऊन आला.

पुढे पुढे राजांची तंगडी कमी पडू लागली, म्हणून दोघांनी तरुणांची भरती केली. त्यांना ‘हद्दसेवक’ असं नाव दिलं, कपाळाला गेरू लावला. त्यांचं काम फार देशभक्तीचं होतं. सकाळी पोट फुटेस्तोवर पाणी प्यायचं आणि दुपारी खड्ड्यावर जाऊन हद्द स्पष्ट करायची. आता प्यायला पाणी कुठलं? त्याच झऱ्याचं. जंगलात दुसरं होतंच कुठे?

साळूबाई काटे फुलवून आडवी उभी राहिली.

“अहो महाराज, लाज वाटू द्या जरा! हा पाणवठा आहे!”

“बाई, हा पाणवठा होता,” वाघ म्हणाला. “आता हा राष्ट्रीय साठा आहे.” आणि त्याने चार हद्दसेवकांकडून तिला काठावरून हटवलं. तिच्याच सुरक्षेसाठी, असं त्याने नंतर जाहीर केलं.

पंधरा दिवसांत झऱ्याचं पाणी पिवळं झालं. मग खड्ड्यातलं तेल झिरपून त्यावर काळा तवंग आला. ससे आजारी पडले. माकडांना उलट्या सुरू झाल्या. आणि एका सकाळी भेकराचं पाडस पाणी प्यायला वाकलं ते उठलंच नाही. त्याची आई दिवसभर त्याला चाटत बसली होती.

हं. इथे हसायचं नाही.

साळूबाई त्या पाडसाशेजारून उठली आणि तडक वाघाकडे गेली. “झरा साफ करून द्या. पोरं मरायला लागलीत.”

“तेल माझ्या हद्दीत आहे,” वाघ म्हणाला, “पण पाणी वाहतं खालच्या रानात. तू तरसाकडे जा.”

साळूबाई तरसाकडे गेली.

“तेल माझंच आहे, त्यात वाद नाही,” तरस म्हणाला, “पण पाणी येतं वरच्या रानातून. तू वाघाकडे जा.”

“एकाच ठिकाणचं तेल तुमचं आणि पाणी दुसऱ्याचं? हे कसं हो?”

“हे धोरण आहे. तुला नाही कळायचं.”

“एक पाडस मेलं, ते तरी कुणाचं होतं?”

तरसाने बराच विचार केला. “ते कुठल्या काठावर पडलं, त्याची चौकशी लावतो,” तो म्हणाला.

मधल्या काळात करकोचा नमुना न्यायला आला. त्याने खड्ड्यात चोच बुडवली आणि झटकन बाहेर काढली. गवताला घासघासून पुसली.

“नमुन्यात स्थानिक घटक जरा जास्त आहे,” तो म्हणाला. “पण शक्यता कायम आहे.” त्याने ते फाईलमध्ये लिहिलं. दोन्ही राजांनी आपापल्या रानात मिरवणूक काढली.

त्याच दुपारी साळूबाईने आपलं बीळ सोडलं. “चला,” ती एवढंच म्हणाली. तिच्या मागे ती भेकरी निघाली. मग ससे, माकडं, मोर, रानडुकरं, सगळे. वरच्या रानातले आणि खालच्या रानातले असे एकत्र मिसळले, की कोण कुठला ते ओळखूच येईना. कपाळावरचा गेरू पुसून काही हद्दसेवकही गुपचूप शेवटी चालायला लागले.

दोन्ही राजांनी वाट अडवली. आयुष्यात पहिल्यांदाच दोघे शेजारी शेजारी उभे होते.

“कुठे निघालात?”

“जिथे पाणी असेल तिथे,” साळूबाई म्हणाली.

“राजाच्या परवानगीशिवाय?” दोघे एकदमच गरजले.

“कुठल्या राजाच्या ते ठरवा. मी थांबते.”

“माझ्या!” वाघ म्हणाला.

“गप रे! माझ्या!” तरस म्हणाला, आणि दोघे एकमेकांच्या नरड्यावर तुटून पडले. साळूबाई थोडा वेळ थांबली, दिलेला शब्द म्हणून. मग काटे आवरून त्यांच्या बाजूने पुढे गेली. सगळं जंगल तिच्या मागून गेलं.

ते सगळे पाण्यापर्यंत पोचले का? सगळे नाही पोचले. उन्हाळा फार कडक होता आणि डोंगर लांब होता. साळूबाईचं काय झालं ते मला विचारू नका, मला सांगवत नाही.

राजे तीन दिवस भांडत होते. गाळ उपसायला कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे चौथ्या दिवशी झऱ्याचा चिखलही वाळला होता. खड्ड्याच्या एका बाजूला वाघ जीभ बाहेर टाकून पडला होता, दुसऱ्या बाजूला तरस. हद्द दाखवायला तंगडी वर करावी, तर पोटात थेंब नव्हता.

तेवढ्यात करकोचा आला. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, एकेक राजाला चोचीने हलवून पाहिलं. मग फाईल उघडली आणि समाधानाने लिहिलं:

‘जंगलात संपूर्ण शांतता आहे. स्थानिकांचा विरोध शून्य. हद्दीच्या वादावर दोन्ही पक्षांनी मौन पाळलं आहे. गुंतवणुकीस याहून चांगली वेळ नाही.’

तात्पर्य : देशात तेल निघण्यासाठी आधी स्थैर्य यावं लागतं, आणि स्थैर्य येण्यासाठी आधी तहान लागणाऱ्या सगळ्यांना जावं लागतं. तेव्हा मुलांनो, देशाच्या विकासाच्या आड येऊ नका. तहान लागली तर घरी सांगू नका.