कुसुमवहिनींच्या नावाचा दात

पहिल्याच भेटीत परांजप्यांनी मला लिफ्टमध्ये आ करायला सांगितलं, आणि धक्क्यानं मी केलासुद्धा. "अक्कलदाढ नाही," एवढंच म्हणून ते तिसऱ्या मजल्यावर उतरले.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीतली माणसं ते दातांवरूनच ओळखत. त्यांचं कामच ते. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे, दिसायला पालीसारखे पण आपल्या सस्तनांच्या गोतावळ्यातले प्राणी मोहरीएवढ्या दातांवरून शोधायचे. "दाढेला दोन मुळं, तर प्राणी आपल्याकडचा. एकच, तर पालीकडचा," हे ते लग्नाच्या पंगतीत जिलबीवाल्याला थांबवून सांगत.

एकदा मी त्यांच्याकडे बर्फ मागायला गेलो. फ्रिजमधला श्रीखंडाचा डबा बाजूला करताना झाकण निघालं. आत मेलेली पाल. माझ्या हातून डबाच सुटला.

"तुलनेसाठी ठेवलीय," परांजपे म्हणाले. "श्रीखंड दुकानात मिळतं."

हे सगळं त्यांच्या बायकोनं, कुसुमवहिनींनी निभावलं. परांजपे गोण्या भरून लाल माती आणत, बादलीत भिजवून चाळत, आणि उरलेली कच वहिनी ताटात घेऊन तांदळासारखी निवडत. त्यात त्यांना एक दाढेसारखा दात सापडला, मूळ खड्यात रुतून दडलेलं. परांजप्यांनी तो आपल्याकडचा ठरवला, नवा प्राणी जाहीर केला आणि त्याला वहिनींचं नाव दिलं. वहिनी गेल्यावर त्यावरचा आपला छापील शोधनिबंध चौकटीत घालून त्यांच्या फोटोशेजारी लावला.

गेल्या महिन्यात पाहिलं तर भिंतीवर नुसता फोटो.

"काढली चौकट. नव्या यंत्रानं दाताचा आरपार फोटो काढून घेतला. मूळ एकच. पाल आहे."

"कोणी शंका घेतली होती?"

"कोणी नाही. मीच दात तपासायला पाठवला."

मी हादरलोच. रागही आला. "अहो, मग गप्प बसायचं. वहिनींचं नाव पुसलंत तुम्ही."

त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. मग म्हणाले, "ती तेव्हाच म्हणाली होती, अहो, मला ही पाल वाटतेय. मी म्हटलं, तू निवडायचं काम कर. मला तिचं नाव द्यायचं होतं हो कशाला तरी."

निबंध छापणाऱ्या मासिकाला लिहिलेलं ते पत्र त्यांनी पुढे केलं. प्राण्याचं नाव मागे घेतलं होतं. खाली एकच ओळ होती: हा दात पालीचा असल्याचं प्रथम कुसुम परांजपे यांनी ओळखलं, मी त्यांचं ऐकलं नाही.

"एवढी ओळ छापतील ना ते?" त्यांनी विचारलं.